बेहड्यावरचं बुजलेलं दार

त्या राज्यात नवी झाडं भराभर वाढत होती, पण त्यांना ढोल्या पडत नव्हत्या. खोडं सरळ, गुळगुळीत, आतून भरीव. ढोली हवी तर जुनंच झाड शोधावं लागे, आणि जुनी झाडं थोडीच उरली होती. त्यामुळे ज्याच्याकडे ढोली असे त्याला सगळे भाग्यवान म्हणत, आणि तो भाग्यवान मात्र जरा आभाळ भरून आलं की घास खाली ठेवून वर बघत बसे.

राज्याचा एक कायदा होता. ज्या ढोलीत सबंध ऋतूभर कुणी राहिलं नाही, ती वाळवीची. मग मालक कितीही ओरडो, त्याची दाद कुठे लागत नसे.

एका साळुंकीच्या वाट्याला बेहड्याच्या झाडावरची अशी एक ढोली सासरकडून आली होती. ढोली ऐसपैस होती, पण फार उंच होती. साळुंकीने एकदा दारात उभं राहून खाली बघितलं आणि ती झटकन मागे सरली. पिल्लू इथून पडलं तर? झोपेत कूस बदलली तर? ती ओढ्याच्या दरडीत, लाल मातीतल्या साध्या बिळात राहायला गेली. तिथे पडलं तरी पिल्लू वाळूत पडणार होतं. आणि ढोली रिकामी राहू नये म्हणून तिने ती भाड्याने द्यायचं ठरवलं.

पहिले आले पोपट. नवरा-बायको दोघंही गोड बोलायचे. "मावशी, तुमचं घर म्हणजे आमचंच घर," असं म्हणाले, आणि खरोखरच तसे वागले.

"दार फार लहान आहे हो, हवा खेळत नाही," असं म्हणून त्यांनी कडा कुरतडली. मग उजेड येत नाही म्हणून आणखी कुरतडली. मग पाहुणे येणार म्हणून आणखी. ऋतू संपला तेव्हा दार एवढं मोठं झालं होतं की पोपटीण म्हणाली, "मावशी, इथे फार उघड्यावर पडल्यासारखं वाटतं बाई." आणि दोघं उडून गेले. भाडं म्हणून ठरलेले पेरू त्यांनी वाटेतच खाल्ले.

त्या दारातून अवकाळी सर आत आली. जमीन ओली झाली, भिंतीला बुरशी धरली. साळुंकीने सुतारपक्ष्याला बोलावलं. तो उद्या येतो म्हणाला, आणि बऱ्याच उद्यांनंतर आला. खोडाला कान लावून त्याने इकडे ठोकलं, तिकडे ठोकलं, आणि मान हलवली.

"जुनं काम आहे, ताई."

"ते मलाही माहीत आहे. करायचं काय?"

"आधी उघडून बघावं लागेल."

त्याने पाच ठिकाणी उघडून बघितलं, आतले किडे खाल्ले आणि जेवण चांगलं झालं म्हणून तृप्त होऊन गेला. पाच भोकं तशीच राहिली. साळुंकी प्रत्येक भोकात काटक्या कोंबत असताना शेजारचा तांबट खो खो हसत होता. तांबट दर वर्षी सुक्या फांदीत नवी खोली कोरायचा. फांदी मोडून पडली की दुसरी फांदी.

"सोडून द्या ती ढोली, साळूताई," तो म्हणायचा. "माझं बघा. कटकट नाही. मागच्या खोलीसकट मी खाली पडलो, पण कटकट नाही."

"आणि माझ्या लेकींनी पुढे कुठे राहायचं? तुमच्या फांदीत?"

"माझ्या फांदीत माझीच शेपूट मावत नाही."

हसण्यावारी गेलं, पण साळुंकीला झोप लागेना. तिच्या बिळात तीन लेकी होत्या. त्यांना पंख फुटणार, त्यांची लग्नं होणार, आणि नव्या झाडांना तर ढोल्या नाहीत. शिवाय बेहड्याच्या मुळाशी वाळवीने मातीची एक बारीक तपकिरी रेघ सुरू केली होती. रेघ रोज थोडी वर चढायची.

"आम्ही काही घाई करत नाही, वहिनी," वाळव्या फार अदबीने म्हणाल्या. "आम्ही नुसत्या जवळ येऊन थांबतोय."

अशा वेळी धनेश आणि धनेशीण आले. एवढ्या मोठ्या चोचीच्या पाखरांना एवढंच मोठं दार हवं होतं. साळुंकीला इतका आनंद झाला की तिने बुरशी आधीच सांगून टाकली, मागाहून वाद नको म्हणून.

"बुरशीचं आम्ही बघू," धनेश म्हणाला. "भाड्याचं रोज एक उंबर. फक्त आमच्यात एक रीत आहे. ही आत गेली की..."

तेवढ्यात दरडीकडून धाकटीच्या खोकल्याचा आवाज आला. साळुंकीचे कान तिकडे गेले.

"हो हो, तुमची जी रीत असेल ती करा!" ती म्हणाली आणि उडालीसुद्धा. धनेश उरलेली रीत झाडाला सांगत राहिला.

धाकटीचा खोकला म्हणजे घशात अडकलेला नाकतोड्याचा पाय निघाला. पण आईचं मन, ते थोडंच पायावर थांबतं. पुढचे बरेच दिवस साळुंकी बिळातून हलली नाही. उंबर रोज दरडीशी येऊन पडत होतं, पण तिचा नवरा म्हणाला की वाऱ्याने पडलं असेल, आणि तिला तेच पटलं.

मग एका सकाळी ती बेहड्याकडे गेली, तर दार नव्हतं.

जिथे दार होतं तिथे काळीभोर, टणक भिंत होती. खालपासून वरपर्यंत लिंपलेली. आत-बाहेर करणारं कुणी नाही. धनेशाचा पत्ता नाही. वाळवीची रेघ भिंतीच्या अगदी खाली येऊन पोचली होती.

"दार बुजलं, राहणारे गेले," वाळव्या म्हणाल्या. "रिकामी म्हणायची ना, वहिनी?"

"मी सांगत होतो," तांबट वरून म्हणाला. "भाडेकरूने भिंत घातली, म्हणजे घर गेलं."

साळुंकीच्या डोळ्यांपुढे तिन्ही लेकी उघड्या फांदीवर बसलेल्या दिसल्या, पावसात. तिने पुढचा-मागचा विचार केला नाही. आत जाऊन बसायचं, म्हणजे ढोली रिकामी नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने चोचीने भिंत फोडायला सुरुवात केली. काळे खपले खाली पडू लागले. तिचं अंग जाईल एवढं भगदाड झालं, आणि आतून आवाज आला.

"कोण आहे? अहो, काय करताय?"

साळुंकीने आत डोकं घातलं. अंधारात धनेशीण बसली होती. तिच्या पंखांत एकही मोठं पीस नव्हतं. सगळी पिसं तिच्याभोवती जमिनीवर पसरली होती, आणि पोटाखाली दोन पांढरी अंडी होती.

"तुम्ही गेला नाहीत?" साळुंकी म्हणाली.

"जाऊ कशी? उडता येत नाही आता. हेच तर हे सांगत होते तुम्हाला. आम्ही बायका आत बसतो, दार लिंपून घेतो, पिसं गाळतो. चोच जाईल एवढी फट ठेवतो, तिथून हे भरवतात. तुम्ही फट बघितली नाही का?"

भिंतीला फट होती. साळुंकीने ती बघितली नव्हती. ती मोठं दार तेवढंच शोधत होती.

"आपणच आपल्याला घरात बंद करून घ्यायचं?" साळुंकीने विचारलं. "भीती नाही वाटत?"

"वाटते की. म्हणून तर भिंत."

हे बोलणं चाललं असतानाच खाली पाचोळा वाजला. पडलेल्या खपल्यांचा वास घेत एक घोरपड बेहड्याच्या मुळाशी आली होती. तिने मान वर केली, भगदाड बघितलं आणि अजिबात घाई न करता चढायला लागली.

उंचीला भिणारी साळुंकी त्या भगदाडात उलटी फिरली. पंख पसरून तिने ते अंगाने भरून टाकलं आणि जी किंचाळली, जी किंचाळली, की ओढ्यापासून माळापर्यंतच्या सगळ्या साळुंक्या उठल्या. नणंदा आल्या, जावा आल्या, जिच्याशी अबोला होता ती चुलत जाऊ सगळ्यांत आधी आली. "डोळ्यावर मारा गं, डोळ्यावर!" ती ओरडत होती. साळुंकीच्या डोक्यावरच्या फटीतून धनेशिणीची लांब चोच बाहेर आली आणि दांडक्यासारखी खाली बसली. एकदा चुकून साळुंकीलाही बसली. घोरपडीने एवढा गोंगाट आयुष्यात ऐकला नव्हता. ती जशी आली तशी उतरली, फक्त जरा लवकर.

पाखरं पांगली. भगदाड राहिलं.

"हे सांधायला हवं आत्ताच," धनेशीण म्हणाली. "माझ्याकडची माती पुरणार नाही."

"माझ्याकडे माती आहे," साळुंकी म्हणाली.

ती दरडीकडे गेली आणि चोचभर लाल माती घेऊन आली. परत गेली, परत आली. धनेशीण आतून लिंपत होती, साळुंकी बाहेरून.

"जरा ओली करा. हां. आता डावीकडे. नाही हो, माझं डावं."

"तुमचं डावं मला कसं दिसणार, बाई?"

"आणि तुमचं शेपूट बाहेर घ्या, नाहीतर तुम्हालाही भरवावं लागेल ह्यांना."

तेवढ्यात धनेश चोचीत उंबर घेऊन आला. घरमालकीण आपल्या बायकोला भिंतीत चिणते आहे, हे बघून तो फांदीवर बसला आणि उंबर खाली पाडून बसला.

"बघत काय बसलात?" आतून आवाज आला. "माती आणा!"

संध्याकाळपर्यंत फट तेवढी उरली. वाळव्यांनी खालून विचारलं, "कुणी आहे का घरात?" तेव्हा फटीतून चोच बाहेर आली आणि पहिल्या दोन वाळव्या खाऊन आत गेली. रेघ उतरत्या उन्हात सुकली आणि वाऱ्याने झडून गेली.

ऋतू सरला. धनेशीण नवी चकचकीत पिसं घेऊन, भिंत फोडून बाहेर आली, तिच्या मागून दोन पिल्लं धडपडत आली. जाताना ती म्हणाली, "पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला देऊ नका." साळुंकीच्या लेकीही तोवर उडायला लागल्या होत्या. त्यांना घेऊन ती बेहड्यावर गेली.

मधली भिंत गेली होती, पण कडेला तिची गोल किनार तशीच चिकटून होती. वरचा भाग काळा, खालचा लाल. दार आता पोपटांनी केलं होतं त्याहून लहान झालं होतं. मोठीने आत डोकावून बघितलं, मधलीने खाली बघून डोळे मिटले, आणि धाकटीने किनारीवर चोच आपटून विचारलं, "आई, ह्यातली आपली माती कुठली?"

साळुंकीने दाखवायला मान पुढे केली. बेहड्याची कोवळी हिरवी साल चारी बाजूंनी किनारीवर चढत आली होती. काळ्यावरूनही आणि लालवरूनही, एकाच जाडीने.