सारवलेली टोपली

फार मागची गोष्ट आहे, लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनीही. तेव्हा राजा कोण होता ते आता कुणाला आठवत नाही. पण डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात एक म्हातारी आपल्या म्हाताऱ्याबरोबर राहत होती.

म्हातारीच्या सारवणाची गावभर ख्याती. कुणाकडे लग्न निघालं की आधी तिला बोलावणं जायचं. तिचा हात फिरला की जमीन अशी गुळगुळीत व्हायची की मुंगीनेही जपून चालावं.

एकदा म्हातारा तापाने पडला. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली ती परत येईना. भाकरी नको, पेज नको, दूध नको. हातापायांच्या काड्या झाल्या. वैद्य म्हणाला, "माझं औषध संपलं. आता पोटात अन्न गेलं तरच माणूस उठेल."

म्हातारीने विचारलं, "अहो, काहीतरी सांगा की. काय खावंसं वाटतं?"

म्हातारा आढ्याकडे बघत म्हणाला, "अळंबीचं कालवण."

"घ्या! थंडीत अळंबी कुठून आणू? पावसाळ्यात मागायचं होतं."

"पावसाळ्यात आजारी नव्हतो."

डोंगरावरच्या पाड्यात एक बाई घरातच टोपल्यांत अळंबी पिकवते, असं म्हातारीने ऐकलं होतं. ती चढण चढून गेली. त्या बाईने तिला एक टोपली दिली. आत कुजवलेला पेंढा होता आणि त्यात वरपासून तळापर्यंत पांढरी जाळी पसरली होती.

"यात अळंबी कुठाय गं?" म्हातारीने विचारलं.

"आहे, आजी. पण वर मातीचं पांघरूण पडल्याशिवाय ती डोकं काढत नाही. नीट ऐक. माती कसदार नको, कसदार मातीवर भलतीच बुरशी आधी जेवायला बसते. बांधावरची साधी माती घे. पार जुनं, वास गेलेलं शेणखत थोडं मिसळ, चिमूट-दोन चिमूट चुना घाल. चाळून पीठ करू नकोस, बारीक खडे राहू देत. वाफेवर चांगली शेकून निववून घे. मग ओलव. मूठ वळावी, पण पाणी गळू नये. दोन बोटं जाड पसर. आणि आजी, पसरायची हं. थापायची नाही."

"कळलं गं बाई. माती काय मला नवीन आहे?"

घरी येऊन म्हातारीने सगळं सांगितल्यासारखं केलं. माती आणली, शेकली, ओलवली, पसरली. मग ती कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली. टोपलीवर नुसती ढेकळं दिसत होती.

"शी! कुणी बघितलं तर काय म्हणेल?"

तिचा तळवा आपोआप मातीवर गेला. एकदा फिरला, दोनदा फिरला. मग तिने शेणाचा पातळ काला केला आणि वरून असा हात दिला की टोपली चकचकू लागली.

शेजारीण आली. "काकी, टोपलीसुद्धा सारवलीत?"

"माझ्या हातची वस्तू ओबडधोबड कशी राहील?" म्हातारी म्हणाली.

दिवस गेले. म्हातारी पाणी शिंपडायची, पण ते वरच साचून राहायचं. माती बोडकीच्या बोडकी. म्हातारा रोज विचारायचा, "आली का?" ती म्हणायची, "येईल." विचारणारा आवाज रोज थोडा बारीक होत होता.

एक दिवस शेजारणीची कोंबडी आत शिरली आणि टोपलीतली एका बाजूची माती उकरून मोकळी झाली. म्हातारी केरसुणी घेऊन धावली. "मेले, तुला दुसरं अंगण नव्हतं?"

उकरलेली बाजू लिंपायला तिने काला कालवला, तेवढ्यात आतून धप्प आवाज आला. म्हातारा उठायला गेला होता आणि पडला होता. त्यानंतर तिचं सगळं लक्ष त्याच्याकडे लागलं. पाण्याचे चार थेंब टोपलीवर टाकायची, पण नजर टाकत नव्हती.

मग एका सकाळी तिला दिसलं. कोंबडीने उकरलेल्या बाजूला ज्वारीच्या दाण्यांएवढे पांढरे कोंब उभे होते. बाकीची टोपली तशीच गुळगुळीत, तशीच रिकामी.

तिने म्हाताऱ्याला सांगितलं. तो क्षीण हसला. "कोंबडी शूर म्हणायची. तुझ्या सारवणावर पाय ठेवायची गावात दुसऱ्या कुणाची छाती होती?"

"सगळंच मोडू का हो?"

"मला काय विचारतेस? तुझ्या हाताला विचार."

म्हातारी टोपलीपाशी बसली. तिने बाभळीचा काटा घेतला. पहिली रेघ ओढताना तिने डोळे मिटून घेतले. मग हलक्या हाताने सारवणाचा पापुद्रा सोडवला, माती भुसभुशीत केली, वरून दोन मुठी साधी माती विखुरली आणि हात मागे घेतला.

शेजारीण दारात थबकली. "अगं बाई! काकी, कुणी नासवलं हे?"

"मीच," म्हातारी म्हणाली.

थोडे दिवस गेले आणि टोपलीभर पांढरी डोकी वर आली. म्हातारीने कालवण केलं. म्हाताऱ्याने पहिला घोट घेतला, दुसरा घेतला, वाटी बोटाने पुसून चाटली आणि म्हणाला, "मीठ कमी आहे."

किती दिवसांनी त्याने जेवणाला नावं ठेवली होती! म्हातारी पदराने डोळे पुसत म्हणाली, "असू दे. उद्या बरोबर घालते."

दुसऱ्या दिवशी त्याने दोन वाट्या मागितल्या, आणि होळी यायच्या आत तो काठी टेकत ओढ्यापर्यंत जाऊन आला. म्हातारी पुढेही लोकांच्या जमिनी सारवत राहिली, पण टोपलीवर माती घातली की हात पाठीशी बांधून उभी राहायची.

ज्याला वाढवायचं, त्याला हवं तसं वागवावं. आपल्या हाताला शोभतं तसं नव्हे.