गोदाक्काचा हिरवा पट्टा

वाहनांना वाचा होती, त्या काळची गोष्ट. एका गावातल्या सायकलींच्या मंडळाने वर्षानुवर्षं भांडून रस्त्याच्या कडेला फक्त सायकलींनी जायचा हिरवा पट्टा मिळवला. उद्घाटनाला मंडळातली सर्वांत जुनी सायकल, गोदाक्का, हँडलला झेंडूचा हार बांधून आली. बघते तर काय, पट्ट्यावर पाहुण्या म्हणून आलेल्या मोटारी ओळीने उभ्या.

"जरा पलीकडून जा गं," पांढरी मोटार म्हणाली. "तुमच्याच कौतुकाला आलोय ना आम्ही."

गोदाक्काच्या टायरातली आग थेट हँडलपर्यंत गेली. ती मोटारीच्या चाकापुढे आडवी झाली. पाठोपाठ सगळ्या सायकली मोटारींच्या पुढेमागे आडव्या झाल्या.

भाषणं संपली, पण मोटारींना हलता येईना. "अहो गोदाक्का, आम्हाला जायला वाट तरी ठेवा," पांढरी मोटार कळवळली.

"मग आम्ही इतकी वर्षं दुसरं काय मागत होतो?" गोदाक्का म्हणाली.