उंबरटाक्याची बुटकी दीपमाळ

उंबरटाक्याच्या टाकाईसमोरची दीपमाळ पाहून नवखा माणूस आधी हसतो आणि मग देवीच्या दारात हसलो म्हणून कान पकडतो. दीपमाळ कशी असावी, तर वर वर निमुळती होत गेलेली, सडपातळ. ही खालचे बारा थर रांजणासारखी फुगत गेली आहे, आणि त्यांच्यावर एकदम नऊ थर इतके बारीक आहेत, की कुणी भाकरींची चवड रचून ठेवली असावी. मोजले तर एकवीस थर बरोबर भरतात. उंची मात्र शेजारच्या लिंबाच्या पहिल्या फांदीलाही लागत नाही.

देवीचे हरिबा गुरव आलेल्याला अंगारा लावतात, पायरीवर बसवतात आणि मग या दीपमाळेची गोष्ट सांगतात. त्यांना ती आजोबांनी सांगितली. आजोबांना कुणी सांगितली ते त्यांना ठाऊक नाही. "खरंखोटं देवीला माहीत," एवढं ते सुरुवातीलाच म्हणून घेतात.

फार वर्षांपूर्वी गावच्या गुरांवर रोग आला होता म्हणे. तेव्हा सुभानजी पाटलांनी टाकाईला नवस केला, की गोठे वाचले तर तुझ्या दारात एकवीस थरांची दीपमाळ बांधीन आणि येत्या त्रिपुरी पुनवेला उजळीन. रोग ओसरला. नवस फेडायची पाळी आली तेव्हा पाटलांच्या ध्यानात आलं, की गावातल्या पाथरवटांची धाव जाती आणि पाट्या-वरवंट्यांपर्यंतच. दगड फोडून देऊ म्हणाले, पण दीपमाळ उभी करणं आमचं काम नव्हे. मग निरोपावर निरोप धाडून कृष्णेपलीकडच्या कानडी मुलखातून एक कारागीर आणवला. त्याचं नाव ईरण्णा.

ईरण्णा आला तो पोळ्यानंतर चार दिवसांनी. अंगाने खारकेसारखा सुकलेला, आणि इतका हलका की परांचीवर चढला तरी बांबू करकरत नसे. मराठीचा शब्द त्याला येत नव्हता आणि उंबरटाक्यात कानडी कुणाला येत नव्हतं. पण दगडाला भाषा लागत नाही. पहिल्याच दिवशी त्याने चौथऱ्याची आखणी केली, आणि पाथरवट खुणेने विचारत, तो खुणेने सांगत, असं काम सुरू झालं. आठ दिवसांत दगड, चुना, दोर, पाणी एवढे शब्द त्याच्या तोंडी बसले. त्यापुढच्या शब्दांची गरज त्याला वाटली नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला असं हरिबा म्हणतात.

कारागिराच्या जेवणाची जबाबदारी पाटलांच्या सुनेने आपण होऊन घेतली होती. तिची कपिला गाय रोगातून अगदी शेवटच्या घटकेला उठली होती, म्हणून तीही देवीला आपला वेगळा नवस बोलली होती: दीपमाळ पुरी होईपर्यंत कारागिराला मी वाढीन, आणि तो आपल्या तोंडाने 'पुरे' म्हणेपर्यंत माझा हात थांबायचा नाही. या सुनेचं नाव साकरबाई. माहेरी तिला सगळे साकू म्हणत. सासरी येऊन सात वर्षं झाली होती, पण ते नाव इथे कुणी घेतलं नव्हतं. सासरे 'सूनबाई' म्हणत, सासू 'अगं' म्हणे, आणि नवरा, रायाजी, नुसता खाकरत असे.

आणि कानडीत 'साकू' म्हणजे पुरे.

पहिल्या दुपारी ईरण्णा ओसरीवर एकटाच जेवायला बसला. पाहुण्याने आधी जेवायचं, घरच्यांनी मागून, अशी त्या घरची रीत. पत्रावळीवर बाजरीच्या दोन भाकरी, पिठलं, ठेचा. घरी त्याला पातळ, पापुद्र्यासारखी ज्वारीची भाकरी खायची सवय, आणि ही बाजरीची भाकरी जात्याच्या तळीसारखी जाड. तरी दमलेला होता, चवीने जेवला. मग आत बघून सभ्यपणे म्हणाला, "साकू."

साकरबाई चुलीपाशी होती. सात वर्षांनी आपलं नाव कानावर पडल्यावर ती क्षणभर उठलीच नाही. मग तिला वाटलं, यांनीच पाहुण्याला सांगितलं असणार. नवऱ्याबद्दल तिला भरून आलं. ती लगबगीने बाहेर आली, "आले, आले," म्हणाली आणि तिसरी भाकरी वाढली.

ईरण्णा बुचकळ्यात पडला. त्याच्या गुरूने त्याला घराबाहेर पडताना बजावलं होतं, की परमुलखात पानात अन्न टाकू नकोस, छिन्नीची धार जाते. त्याने भाकरी संपवली आणि जरा मोठ्याने म्हणाला, "साकू, साकू."

"आले," म्हणत ती चौथी घेऊन आली.

मग त्याने पोटावर हात ठेवून सांगितलं, "तायी, होट्टे तुंबितु." म्हणजे, आई, पोट भरलं. साकरबाईला ऐकू आलं, ताई, काहीतरी तुंबलं. ती काळजीत पडली. आत जाऊन तुपाचं तांबलं आणलं आणि त्याच्या भाकरीवर अख्खं ओतलं. त्याने पानावर आडवा हात धरला, तर कानडी मुलखात हातावर घेऊन खात असतील असं समजून तिने भाकरी हातावरच ठेवली. एकदा वाढायला रायाजी आला होता. ईरण्णा त्याला कळवळून "बेडा, बेडा," म्हणजे नको, नको, म्हणाला. रायाजीने ते 'वेडा' ऐकलं आणि त्या दिवसापासून तो ओसरीकडे फिरकला नाही.

महिनाभर असंच चाललं. ईरण्णाने मनाशी ताडलं, की या मुलखात 'साकू' म्हणजे 'लवकर आणा' असणार. म्हणून एके दिवशी तो काहीच बोलला नाही. साकरबाईला वाटलं, पाहुणा रुसला, जेवण रुचत नाही. दुसऱ्या दिवशी तिने हुलग्याची शेंगोळी केली, लसणाची फोडणी देऊन, भलं मोठं पातेलंभर. शेंगोळी फार छान झाली होती, हे ईरण्णाने पुढे स्वतःच कबूल केलं. अडचण पातेल्याची होती.

इकडे घरात साकरबाईचा उत्साह वाढत होता. दिवसातून चार-चार वेळा कुणीतरी तिला नावाने हाक मारत होतं. ती रायाजीच्या भाकरीवरही आता दोन पळ्या तूप जास्त घालू लागली. कशाबद्दल ते रायाजीला कळेना, पण त्याने विचारलं नाही. चालू तूप कोण थांबवतो?

या सगळ्याचा परिणाम दीपमाळेवर झाला. दिवे ठेवायला दीपमाळेला दगडी हात काढतात. ईरण्णाने आधी ते चार बोटं रुंद काढले होते. चौथ्या थरापाशी त्याचा पाय त्या हातांवर मावेना, म्हणून त्याने ते वीतभर केले. आठव्या थरापाशी त्यावर टेकल्याशिवाय दम राहीना, म्हणून ते बसता येतील एवढे झाले. हात रुंद झाले तसा त्यांना पेलायला खांबही जाड करावा लागला. बारावा थर बसवला त्या दुपारी परांचीचे बांबू एकामागून एक मोडले आणि ईरण्णा खालच्या भिजवलेल्या चुन्यात बसला. लागलं काही नाही. पण त्याला बाहेर काढायला पाच माणसं आणि एक दोर लागला.

पुनवेला बारा दिवस उरले होते आणि थर नऊ.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण होताच ईरण्णाने छिन्नी-हातोडा फडक्यात बांधला आणि तो गावाबाहेर निघाला. वीस वर्षं त्याच्या हाताने कुठलं काम अर्धं टाकलं नव्हतं. आता परांची त्याला पेलत नव्हती आणि ते सांगायला शब्द नव्हता, याची त्याला मनस्वी लाज वाटली. पळून जायचा त्याचा बेत पक्का होता. पण दुपारच्या सहा भाकरी पोटात होत्या. ओढ्यापर्यंत गेला, बाभळीखाली घटकाभर टेकला आणि तिथेच त्याला झोप लागली. बैलगाडीत घालून त्याला परत आणलं तेव्हाही तो पुरता जागा नव्हता.

पाटील ओसरीवर वाट बघत होते. "आमचा नवस मोडून कुठं चालला होतात?" त्यांनी विचारलं. ईरण्णाला प्रश्न कळला नाही, पण आवाज कळला. तो मान खाली घालून बसला. साकरबाईला वाटलं, दमून आलाय. तिने पान मांडलं आणि भाकरी वाढली. ईरण्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. हात जोडून तो म्हणाला, "साकू. तायी, साकू."

"आले," ती म्हणाली.

तेवढ्यात दारात कुणीतरी इतकं जोरात हसलं, की सगळे वळून बघू लागले. बांगड्या विकणारी काशव्वा कासारीण वर्षातून एकदा सीमेकडून या भागात यायची. दोन्ही मुलखांत फिरून तिला दोन्ही भाषा येत होत्या. तिने बांगड्यांची पेटी खाली ठेवली, कारण हसताना ती हातातून सुटली असती.

"पाटील, हा माणूस कधीपासून असं म्हणतोय?"

"आल्यापासून. आमच्या सुनेला हाक मारतोय."

"हाक नव्हं. पुरे म्हणतोय तो. दोन महिने बिचारा पुरे, पुरे म्हणतोय."

काशव्वाने मग ईरण्णाला कानडीत सगळं उलगडून सांगितलं, सुनेचं नाव आणि तिचा नवसही. ईरण्णाने साकरबाईकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती, हातात भाकरीची टोपली. हा माणूस आपलं नाव कधी घेतच नव्हता, हे तिला आता कळलं होतं. रायाजीनेही ते कुणाला सांगितलं नव्हतं. ती काशव्वाला हळू म्हणाली, "म्हणजे हे पहिल्याच दिवशी पुरे म्हणाले, आणि माझा हात थांबला नाही. माझा नवस तर तेव्हाच मोडला."

मग देवीला कौल लावला. त्या वेळच्या गुरवाने दोन फुलं लावली, उजवं फूल चटकन पडलं. नवस मोडलेला नाही. गुरव म्हणाला, "देवीला दोन्ही भाषा येतात. तिनं सगळं ऐकलंय आणि गंमत बघत बसलीये."

पण नऊ थरांचं काय? ईरण्णा खाली मातीत रेघा ओढत बसला. खाली एवढं रुंद झाल्यावर पहिल्या मापाचे नऊ थर वर चढवायला महिना हवा होता. सासऱ्यांच्या कामात सुनेने तोंड घालायची रीत नव्हती. साकरबाईने अंगणात हंडा पालथा घातला आणि टोपलीतल्या भाकरी एकावर एक अशा त्यावर रचल्या. नऊ भाकरी. मग ती आत गेली.

ईरण्णा त्या चवडीकडे बराच वेळ बघत राहिला. पाटील एकवीस थर बोलले होते. थर किती जाड, ते बोलले नव्हते. तो उठला आणि त्याने छिन्नी हातात घेतली.

पुढचे दहा दिवस त्याने जमिनीवर बसूनच नऊ थर घडवले. जेवण म्हणजे सकाळी ताकातल्या कण्या आणि संध्याकाळी एक भाकरी. "साकू" म्हटलं की साकरबाईचा हात जागच्या जागी थांबे, आणि मग दोघंही हसत. थर तयार झाल्यावर दोर लावून वर चढवायचे होते. ईरण्णा खालून सांगायचा. थर नेमक्या जागी आला की तो ओरडे, "साकू," आणि दोर ओढणारे थांबत. पण घरापर्यंत ती हाक जाई, आणि इतक्या दिवसांच्या सवयीने साकरबाई भाकरीची टोपली घेऊन देवीच्या दारात येई. नऊ थरांना नऊ वेळा ती आली. दोर ओढणाऱ्यांचं चांगलं झालं.

पुनवेला दीपमाळ पुरी होती. बुटकी होती, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि पाटलांचा चेहरा उतरला होता. पण दिवे लावायची वेळ आली तेव्हा कळलं, की ईरण्णाला बसण्यासाठी काढलेल्या त्या रुंद हातांवर पणती ठेवायची गरजच नाही. एकेका हातावर मातीच्या थाळीएवढ्या परळात तेल आणि मनगटाएवढी वात मावत होती. असा जाळ झाला, की नदीपलीकडच्या गावाने वणवा समजून माणसं धाडली. आली तशी तीही जेवायला बसली.

त्या पंगतीत पाटलांच्या शेजारी ईरण्णाचं पान होतं. साकरबाई पोळ्या वाढत होती. तीन पोळ्या झाल्यावर पाटील म्हणाले, "पुरे."

तिने चौथी वाढली.

"पुरे, सूनबाई."

पाचवी आली. पाटलांनी वर पाहिलं. ती पदर सावरून खाली बघत उभी होती, टोपलीत अजून बऱ्याच पोळ्या होत्या. ईरण्णा आता थोडं मराठी शिकला होता. तो पाटलांच्या कानाशी वाकून म्हणाला, "साकू म्हणा."

पाटील घुटमळले. सगळी पंगत बघत होती. मग ते म्हणाले, "साकू."

तिचा हात थांबला. पुढच्या पानावर रायाजी होता, आणि तो खाकरला. म्हणे त्या दिवशी रायाजीने नऊ पोळ्या खाल्ल्या, मग त्याच्या तोंडून नाव निघालं.

ईरण्णा पुढे चार दिवस राहिला आणि मग पायी आपल्या मुलखाला गेला. जाताना साकरबाईने कारळाची चटणी बांधून दिली. त्याच्या घरीही तीच चटणी करतात आणि तिला गुरेळ्ळू म्हणतात, एवढं त्याने तिला सांगितलं. पुन्हा तो आला नाही, असं सांगतात.

आजही त्रिपुरी पुनवेला टाकाईच्या पंगतीत 'पुरे' हा शब्द चालत नाही. त्या वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या सुना वाढायला असतात, आणि समोरच्या सुनेचं माहेरचं नाव घेतल्याशिवाय तिचा हात थांबत नाही. दिवाळीपासून गावातले सासरे आणि दीर एकमेकांना गुपचूप नावं विचारत फिरतात. मागच्या वर्षी एका मोठ्या माणसाला आपल्याच सुनेचं नाव आठवलं नाही. हरिबा त्यांचं नाव सांगत नाहीत, पण अकरा पोळ्यांनंतर त्यांना उठवायला दोन माणसं लागली, हे सांगतात.

मग ते अंगाऱ्याचं ताट उचलतात आणि पायरीवरच्या पाहुण्यांना म्हणतात, "पुनवेला या जेवायला. फक्त पानावर बसायच्या आधी वाढणारीला नाव विचारून घ्या."