जळालेला क्लच

कोल्हापुरात मंदाताई चौगुले भाड्याने गाड्या देत; गाडी त्यांची, चालवायची गिऱ्हाइकाने. उदयसिंह इंगवले त्यांची गाडी सावंतवाडीला घेऊन गेले, चार दिवसांनी परत आणून लावली, भाडं कार्डाने भरलं, आणि महिन्याभराने खुशाल बँकेत तक्रार ठोकली: गाडी मी नेलीच नाही, माझं कार्ड भलत्याच कोणीतरी वापरलं. बँकेने भाडं परत काढून घेतलं. तक्रार खरी ठरली तर मंदाताईंचं कार्डाचं मशीनही जाणार होतं.

बँकेच्या मॅनेजरने दोघांना समोरासमोर बसवलं. इंगवले एकेकाळी मोटार रॅली गाजवलेले, तोरा अजून तोच. कुठलाही कागद दाखवला की म्हणत, "ही सही माझी नव्हे."

मंदाताईंनी वाद घातला नाही. कागद गोळा करून पिशवीत टाकले.

"साहेबांचंच खरं असणार," त्या मॅनेजरला म्हणाल्या. "गाडी नेणारा कोणीतरी शिकाऊ होता. आंबोलीचा घाट पहिल्या गिअरमध्ये रडतखडत चढवला असणार त्याने. क्लच पार जाळून आणला. साहेबांच्या हातून असं कसं होईल?"

इंगवल्यांचे कान लाल झाले. "काहीतरी बोलू नका, बाई. अख्ख्या घाटात एकदाही पहिला गिअर टाकलेला नाही मी."

मॅनेजरने तक्रारीचा कागद जवळ ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

"क्लच ठणठणीत आहे, साहेब," मंदाताई पिशवी उचलत म्हणाल्या. "गाडी फार छान चालवलीत तुम्ही."