सटवाजी रंगारी आणि खालचं गाव

खूप जुन्या काळी एका डोंगरातून एक ओढा खळाळत खाली यायचा. त्याच्या काठी तीन लहान गावं होती. सगळ्यात वरच्या गावात सटवाजी नावाचा रंगारी राहायचा. त्याच्यासारखा लाल रंग कुणालाच जमत नसे. रंगवलेले शेले तो ओढ्यात धुवायचा आणि लाल पाणी वळणाआड गेलं की त्याला विसरून जायचा.

एके सकाळी खालच्या गावातली चिमाबाई डोंगर चढून आली. तिनं डोक्यावरची घागर त्याच्यापुढं ठेवली. आत लालसर पाणी होतं.

"आमच्याकडं ओढा असा येतो, लेकरा. माणसं विहिरीवर भागवतात. म्हशी मात्र तोंड लावत नाहीत."

सटवाजी ओशाळला. "मावशी, इतके दिवस कुणी बोललं कसं नाही?"

"खालून ओरडलेलं वर ऐकू येत नाही. म्हणून चालत आले."

म्हातारी गेली. सटवाजीनं फावडं उचललं.

त्याची बायको भागीरथी म्हणाली, "अहो, पाटलांच्या घरी लग्न आहे. आठ दिवसांत चाळीस शेले द्यायचेत. आत्ता खड्डे खणत बसलात तर हे गिऱ्हाईक हातचं जाईल!"

"जाऊ दे. पण आता हे पाणी ओढ्यात सोडायला माझा हात धजत नाही."

ओढ्यापासून लांब, माळावर त्यानं उथळ खड्डा खणला. आता स्वच्छ पाणी घागरीनं वर आणायचं, शेले तिथं धुवायचे आणि लाल पाणी उन्हात आटू द्यायचं. भागीरथी पुटपुटली, पण तिनंही घागर उचलली. चार दिवसांत दोघांचे खांदे भरून आले. शेले झाले होते जेमतेम बारा.

पाचव्या दिवशी चिमाबाई पुन्हा आली. सोबत गावातली दहा-बारा माणसं होती.

"आज म्हशी पाणी प्याल्या," ती म्हणाली. "घागरी कुठं आहेत?"

ओढ्यापासून माळापर्यंत माणसांची रांग लागली. हातोहात घागरी वर येऊ लागल्या. चाळिसावा शेला ठरल्या दिवशी दुपारीच वाळला.

लग्नानंतर सटवाजी आयुष्यात पहिल्यांदा खालच्या गावी गेला. तिथं ओढा चांगला रुंद होता, म्हशी गळ्यापर्यंत डुंबत होत्या. तो काठावर वाकला, ओंजळ भरली आणि पोटभर पाणी प्याला.

तात्पर्य: पाणी सोडताना खालच्या गावाची तहान आठवावी.