टिटवीची हाक, कोतवालाची चोच

“माझी चोच मिटलेली होती आणि माझी हाक तुझ्या सावरीवरून ऐकू आली,” म्हातारी टिटवी म्हणाली. “आधी याचं उत्तर दे, मग मला शहाणपण शिकव.”

पाणवठ्यावरचं भांडण सकाळपासून तिसऱ्यांदा पेटलं. सावरीच्या शेंड्यावर बसलेल्या काळ्या कोतवाल पक्ष्याने आपली दुहेरी शेपटी झटकली. झाडाखाली बसलेल्या कोल्ह्याने घसा खाकरला. बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग पाण्याकडे.

ज्या रानात हे घडलं ते काही फार मोठं नव्हतं. टेकडीच्या पायथ्याशी झुडपं, मधे दगडगोट्यांचा माळ आणि भर उन्हाळ्यातही न आटणारा एकच पाणवठा. त्या पाणवठ्याचा एक जुना रिवाज होता. रानात तंटा झाला की सगळ्यांनी काठावर गोल उभं राहायचं, आणि निकाल लागेपर्यंत कुणीही पाण्याला शिवायचं नाही. थोराने नाही, लहानाने नाही. गवा पंच म्हणून मधे उभा राहत असे. तो फारसं बोलत नसे. तहान लागली की भांडणारे आपोआप मुद्द्यावर येतात, हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

पण टिटवीला त्या दिवशी वेळ नव्हता. तिची तीन नातवंडं माळावरच्या गोट्यांत पडून होती. टिटवीची पिल्लं तुम्ही पाहिली आहेत का? पाहिली असतील तरी दिसली नसतील. ठिपकेदार खडे आणि ती पिल्लं यांत फरक कळत नाही. ‘लपा’ अशी हाक आली की ती जमिनीला चिकटतात आणि ‘उठा’ अशी हाक येईपर्यंत हलत नाहीत, अंगावरून मुंगळा गेला तरी. आदल्या दिवशी ‘उठा’ अशी हाक आली, चौथं पिल्लू सगळ्यांत आधी उठलं, आणि गवतातून आलेल्या कोल्ह्याने ते उचललं. तेव्हापासून उरलेली तिघं कुणाच्याच हाकेला उठेनात. सख्ख्या आईने, म्हणजे टिटवीच्या लेकीने, घसा कोरडा केला तरी नाही. आई बिचारी त्यांच्यावर पंख पसरून उन्हात उभी होती. एरवी अशा दुपारी टिटव्या पाण्यात पोट भिजवून येतात आणि त्या ओल्या पिसांनी पिल्लांना गारवा देतात. आज निकाल लागेपर्यंत पाण्याला शिवायचं नव्हतं, आणि सूर्य टेकडीच्या बराच वर आला होता.

ससा हळूच म्हणाला की टिटवीआजीला तेवढी सूट द्यावी, तिने पोट भिजवून यावं, कुणी काही म्हणणार नाही. गव्यानेही मान डोलावली. टिटवीने पाण्याकडे एकदा पाहिलं. तिचे पिवळे पाय त्या दिशेने एक पाऊल गेलेसुद्धा. मग ती जागच्या जागी थांबली.

“नको,” ती म्हणाली. “आज माझ्यासाठी रिवाज वाकवलात तर उद्या तो या कोतवालासाठी वाकेल. तुम्ही फक्त लवकर बोला.”

आता हा कोतवाल कोण, तेही सांगते. तीन उन्हाळ्यांपूर्वी तो या रानात आला तेव्हा सगळ्यांना हवाहवासा वाटला होता. नजर तीक्ष्ण, बसायला सगळ्यांत उंच झाड, आणि चोच अशी की एकदा ऐकलेला आवाज जसाच्या तसा काढावा. बोलायचाही तो कुणा ना कुणाच्या आवाजात; त्याचा स्वतःचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ससाणा दिसला की तो सगळ्यांच्या आधी ओरडे. त्याच्यामुळे कितीतरी जीव वाचले, हे टिटवीनेही कधी नाकारलं नाही. मग तो म्हणाला, तुमच्या हाका माझ्याजवळ द्या. तुम्ही ओरडून घसा कशाला बसवता? मी एका दमात टेकडीपलीकडे पोचवतो. मला काही नको. हाक पोचवायची तर कोण कुठे आहे ते कळायला हवं, म्हणून प्रत्येकाने त्याला आपली चरायची जागा सांगितली, निजायची सांगितली, पिल्लं कुठे लपवतो तेही सांगितलं. सगळं फुकट होतं आणि सोयीचं होतं. दोन वर्षांत असं झालं की शेजारच्या झुडपातल्या मैत्रिणीला बोलवायचं तरी हरिणी सावरीकडे मान वर करू लागल्या.

आणि काहीच नको म्हणणाऱ्या कोतवालाचं पोट कशावर भरत होतं? नाकतोड्यांवर. गवतातून कुणी धावलं की नाकतोडे उडतात, आणि कोतवाल त्यांना वरच्या वर टिपतो. कोल्ह्याइतकं गवतातून दुसरं कोण धावतं? कुणीतरी उठून पळालं पाहिजे, म्हणजे कोल्हा त्याच्यामागे पळेल. कुणाची हाक दिली की कोण उठतं, हे कोतवालाला आता पाठ होतं.

गव्याने त्याला विचारलं, टिटवीची हाक काल तू दिलीस का? कोतवालाने लपवालपवी केली नाही. तो शांतपणे म्हणाला की रोज शेकडो हाका देतो, त्यातली एक असेल. हाक देणं हे त्याचं काम, हाकेला कोण उठतं आणि खाली गवतात कोण उभं असतं हे पाहणं त्याचं काम नव्हे. पिल्लू त्याने खाल्लं नाही. कोल्ह्याने खाल्लं असेल तर कोल्ह्याला विचारा.

“मी कोल्हा आहे,” कोल्हा म्हणाला. “मला काय विचारता?”

दोनचार जण हसले. कोल्ह्याला तेच हवं होतं. हसणाऱ्याचा राग अर्धा होतो. मग तो मोठ्या आपुलकीने बोलू लागला. हा प्रश्न फार गुंतागुंतीचा आहे, तो म्हणाला, घाईचं काम नाही. आपण चार जाणती मंडळी नेमू, त्यांनी पुढच्या पौर्णिमेपर्यंत विचार करावा, तोवर आता सगळ्यांनी पाणी प्यावं. त्या मंडळींत बसायला त्याची स्वतःची ना नव्हती. सगळ्यांच्या जिभा टाळ्याला चिकटल्या होत्या, त्यामुळे हे बोलणं बऱ्याच जणांना गोड लागलं. टिटवीला मात्र त्यातला डाव दिसला. पुढच्या पौर्णिमेपर्यंत माळावर फक्त गोटे उरले असते.

ससा म्हणाला, “माझं तर काय, मी गवत खातो आणि झोपतो. माझं लपवण्यासारखं आहेच काय?”

“तुझं बीळ,” टिटवी म्हणाली.

सशाचे कान खाली आले. ते बीळ त्याने मागच्याच महिन्यात सावरीखाली उभं राहून, खाणाखुणांसकट सांगितलं होतं.

मग कोल्ह्याने राखून ठेवलेला टोमणा काढला. “आजीबाई, तुमच्या पिल्लांची हाक या कोतवालाला सांगितली कुणी? वाऱ्याने तर आणून दिली नसेल.”

सगळ्यांनी टिटवीकडे पाहिलं. टिटवी गर्विष्ठ म्हणूनच रानात ओळखली जाई. तिला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. अंड्यातून बाहेर आली त्याच आठवड्यात तिची आई गेली. ससाण्याची सावली, सापाची वाट, पुराचा वास, सगळं ती एकटी पडत-झडत शिकली होती, आणि ते सगळ्यांना सांगायला तिला आवडे. आपली चूक सगळ्यांसमोर सांगायची वेळ तिच्यावर आजवर आली नव्हती. तिने मान उंच केली.

“मीच सांगितली,” ती म्हणाली. “मागच्या उन्हाळ्यात माझा आवाज फाटला. पिल्लांना ऐकू जाईना. मला म्हातारी म्हणवून घ्यायचं नव्हतं, म्हणून मी याच सावरीखाली येऊन माझी हाक याला दिली. दिली ती पिल्लं उठवायला. कोल्हा जेवायला बसवायला दिली नव्हती.”

आता कोतवाल हसेल, कोल्हा हसेल, असं तिला वाटलं. पण हरिणी पुढे आली. तिने खाली मान घालून सांगितलं की तिच्या पाडसालाही परवा कुणीतरी तिच्याच आवाजात ओढ्याकडे बोलावलं होतं. नशिबाने ते अर्ध्या वाटेवरून परतलं. लाजेने ती कुणाला बोलली नव्हती, कारण आपली हाक कोतवालाला तिनेच दिली होती. मग लावा पक्षी बोलला. मग ससाही. जो तो आपल्यालाच मूर्ख समजून गप्प बसला होता, आणि एवढ्या गप्प बसलेल्यांच्या जिवावर एकाची चोच चालली होती.

तरुण रानडुकरं म्हणाली, झाड पाडा. मुळं उकरायला ती निघालीसुद्धा. टिटवीने त्यांना अडवलं. झाड पाडलं तर ससाणा आल्याचं कोण सांगणार, तिने विचारलं. तिला कोतवालाला घालवायचं नव्हतं. तिला त्याची चोच सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हवी होती. म्हणून तिने सुचवलं की त्याने यापुढे शेंड्यावरून फक्त ससाण्याची सूचना द्यावी. दुसऱ्याची हाक द्यायची असेल तर खाली यावं, पाण्याकाठच्या बाभळीवर बसावं आणि आधी स्वतःच्या आवाजात सांगावं की मी कोतवाल आहे, अमक्याने आज मला ही हाक द्यायला सांगितली आहे. असं न सांगता आलेली हाक कुणी खरी मानायची नाही. ज्याला पंख फुटले नाहीत किंवा दूध सुटलं नाही, त्याच्यासाठीची हाक आणि त्याची जागा कोतवालाने मागायची नाही, आणि आयांनी द्यायचीही नाही. कुणीही त्याला काठावर बोलावून विचारावं, माझं काय काय तुला ठाऊक आहे, आणि त्याने ते सगळ्यांसमोर सांगावं. बाभळीवर त्याच्या शेजारी रोज पाळीपाळीने एक जण बसेल.

“मला झाडावर चढता येत नाही,” ससा म्हणाला.

“तू खाली बैस,” टिटवी म्हणाली. “कान काही लहान नाहीत तुझे.”

या वेळी सगळे हसले ते कोल्ह्यासाठी नव्हे.

गवा पुन्हा बोलला. हे सगळ्यांना मान्य आहे का, त्याने विचारलं. माना हलू लागल्या, एवढ्यात कोतवालाने पंख उघडले. त्याला आपली किंमत ठाऊक होती. तो म्हणाला, असल्या अटींत माझ्यासारखा राहत नसतो. टेकडीपलीकडचं रान मला रोज बोलावतं. तिथे अटी नाहीत. मी चाललो. उद्या ससाणा आला की तुमची टिटवी तुम्हाला वाचवेल, तिचा आवाज शिल्लक असला तर. कोल्हा लगेच कळवळला. एवढा गुणी पक्षी रानाबाहेर घालवताय, मागच्या काळात जाताय, असं तो प्रत्येकाच्या कानाशी जाऊन म्हणू लागला. हलणाऱ्या माना थांबल्या. लावा मागे सरकला. हरिणीने पाडसाला जवळ घेतलं, पण तीही शेंड्याकडे पाहू लागली. माळावरून टिटवीच्या लेकीचा बारीक, थकलेला आवाज आला.

तेव्हा टिटवी एक वाक्य बोलली. ते मी अगदी शेवटी सांगणार आहे, कारण त्या रानातही ते तसंच, सगळी गोष्ट सांगून झाल्यावर सांगतात.

ते ऐकून कोतवालाने उत्तर द्यायला चोच उघडली, आणि लाव्याचा आवाज निघाला. त्याने पुन्हा उघडली, तर हरिणीचा. तिसऱ्यांदा उघडली तेव्हा सगळ्या गोलाला दिसलं की तो काहीतरी शोधतो आहे आणि त्याला ते सापडत नाही. त्याने उघडलेले पंख मिटले. मग सावरीवरून खाली आला, पाण्याकाठच्या बाभळीच्या खालच्या फांदीवर बसला, आणि फाटक्या, चिरक्या, कधी न वापरलेल्या आवाजात म्हणाला, “मी कोतवाल आहे.”

गव्याने पाण्याला तोंड लावलं. निकाल लागला. सगळे प्याले, कोल्हासुद्धा प्याला, कारण पाणवठा सगळ्यांचा आहे. टिटवी प्याली नाही. तिने पोट भिजवलं आणि थेट माळावर गेली. तिने हाक दिलीच नाही. ती गप्प जाऊन तिघांवर बसली. ओली पिसं पाठीला लागली तेव्हा एकाने डोळा उघडला, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. मग तिने त्यांच्या कानाशी, अगदी हळू, एक नवी हाक शिकवली. ती कोणती, हे मला विचारू नका. ती आजीची, त्या तिघांची आणि त्यांच्या आईची आहे.

कोतवाल अजून त्याच रानात आहे. ससाणा आला की अजूनही सगळ्यांच्या आधी तोच ओरडतो, आणि आता स्वतःच्या आवाजात ओरडतो. पलीकडच्या रानातली मंडळी एकदा हे पाहायला आली होती. आपल्याकडेही असा पक्षी आहे, त्याला कसं आवरायचं, असं त्यांनी विचारलं. तेव्हा हरिणीच्या पाडसाने, जे आता चांगलं शिंगं फुटलेलं हरीण झालं होतं, छाती पुढे काढून त्यांना सगळं सांगितलं, आणि शेवटी टिटवीआजीचं ते वाक्य सांगितलं:

“जायचं तर आत्ता जा, पण आमच्या हाका आमच्या पाण्याकाठी ठेवून जा, आणि मग टेकडीपलीकडे तुझ्या स्वतःच्या आवाजात सांग की तू कोण आहेस.”

तात्पर्य : आपल्या हाका वाहणारा झाडावर बसलेला असो की हातातल्या मोबाइलमध्ये, तो हाकांचा मालक नसतो, त्याने कुठे बसायचं आणि काय बोलायचं याचे नियम सगळ्यांनी मिळून, सगळ्यांसमोर करावेत, आणि तो निघून जाण्याची धमकी देईल तेव्हा मान खाली घालू नये.