दगडोजीचा शंख

त्या किनाऱ्यावरच्या खेकड्यांना पुढून कवच होते आणि मागून काही नव्हते. पुढे नांग्या, डोळे, मिशा, सगळे ठाकठीक. मागे मऊ, गुलाबी, लोण्यासारखे बूड. घडवणाऱ्याने पुढचे काम केले आणि मागचे टाकून तो जेवायला गेला, असे तिथले जुने लोक म्हणत.

म्हणून जो तो मेलेल्या गोगलगाईचा शंख पाठीवर घेऊन फिरे. बूड शंखात, डोके बाहेर. तोंडे सगळ्यांची सारखी, तेव्हा ओळख शंखावरून. पट्ट्यांचा मोठा शंख आला की दगडोजी आला. लाल टोकाचा आला की भागूकाकू आली. ठिपक्यांचा आला की नथू, आणि इवलासा पांढरा आला की बारकू. रामराम शंखाला, शिव्याही शंखाला. तोंडाकडे पाहण्याची पद्धत नव्हती.

शंखात वाळू जाई. वाळूने बूड खाजे. म्हणून प्रत्येक मोठ्या ओहोटीला झाडणी होई. सगळे पुळणीवर, ओल्या वाळूत, जमत. खडकावरून "निघा" असा पुकारा झाला की सगळे एकदम शंखाबाहेर येऊन वाळू झाडत. "शिरा" म्हटले की पुन्हा आत. मधल्या वेळात सगळे डोळे मिटून घेत. दुसऱ्याचे उघडे बूड पाहणे हा त्या राज्यातला सर्वांत मोठा निर्लज्जपणा होता.

डोळे उघडे ठेवण्याचा मान एकट्या दगडोजीला होता. पुकारा त्याचा. खडकावर बसून तो बगळ्यावर नजर ठेवी. वर पाही, खाली पाहत नसे. तशी त्याची ख्याती होती.

एरवी तो उपदेश करी. "शंख सोडून कुणाचं ऐकू नका. गोड बोलणाऱ्याला आधी लांब उभा करा. मला फसवणारा अजून अंड्यात आहे." एकदा कुणी एक बिचारा शंख गमावून बसला, तेव्हा दगडोजीने खडकावरून म्हण केली, "ज्याची अक्कल उघडी, त्याचं बूड उघडं." किनारा पोट धरून हसला. त्या बिचाऱ्याला पुन्हा कुणी पाहिले नाही.

मग एक परका खेकडा आला. त्याच्याकडे शंख नव्हता. बाटलीचे निळे झाकण बुडाला धरून तो फिरे. लोकांनी त्याचे नाव झाकण्या ठेवले. "काय रे झाकण्या, आत दही लावलंयस का?" असे पोरेसोरे विचारीत. तो हसे, गोड बोले, कोण कुठे राहतो, कुणाची आई कुठली, ते विचारून घेई. लोक सांगत. विचारल्यावर सांगायचे नाही, हे कुणाला सुचले नाही.

काही दिवसांनी झाकण्या बदलला. निळे झाकण दिसे, पण ते गोड बोलेनासे झाले. नुसते रडे, काहीबाही सांगू पाही. लोक म्हणाले, "आता नाटकं करतोय." आणि खडे मारू लागले.

एका सकाळी लाल टोकाचा शंख धावत खडकाशी आला.

"बाबा, अहो बाबा! तुमच्या शंखाला आतून कीड लागलीय."

"कुणी सांगितलं?" दगडोजी म्हणाला.

"सांगायला कशाला पाहिजे? मागून भुसा गळतोय. भरतीपर्यंत तुटणार बघा."

दगडोजीने मागे पाहण्याचा प्रयत्न केला. आपलेच मागचे कुणालाही दिसत नाही. तोही गोल फिरला आणि थांबला.

"कुठे लागलीय?"

"शेवटच्या वळणात. तुम्ही निघा, मी शिरून बघते. तोवर माझ्या शंखात बसा. मी डोळे मिटते, तुम्हीही मिटा. आणि कुणाला बोलू नका हो, लोक घाबरतील. पटकन!"

दगडोजीला आपला उपदेश शब्दन् शब्द पाठ होता. पण तो दुसऱ्यांसाठी होता. भागूकाकू तर घरातल्यासारखी. त्याने डोळे मिटले, बाहेर आला आणि पाठमोरा होऊन लाल टोकाच्या शंखात शिरला. शंख तोकडा होता. अर्धे बूड आत गेले, अर्धे बाहेर राहिले. त्याने डोळे उघडले, तेव्हा पट्ट्यांचा शंख खडकावर चढून त्याच्याच जागी बसला होता.

दगडोजीचा आवाज लाटेपलीकडे ऐकू जाई. त्याने तो काढला नाही. आधी चारी बाजूंना पाहिले. कुणी बघितले नव्हते. त्याला बरे वाटले.

तेव्हापासून तो काकू झाला.

"काय काकू, अंग धरलंत की!" येणारे-जाणारे म्हणत.

"हो बाई," तो बारीक आवाजात म्हणे.

"काकू, शेवाळाची चटणी देणार होतात ना?"

त्याने चटणी केली. जन्मात केली नव्हती. शेजारीण एक घास खाऊन म्हणाली, "आज मीठ जास्त झालंय."

"समुद्रात राहता ना? मग मीठ लागणारच!" तो गरजला. मग खोकला आला असे दाखवून पुन्हा बारीक झाला.

खडकावरचा दगडोजी मात्र लोकांना आवडू लागला. तो उपदेश करीत नसे. "हं" म्हणे, घसा खाकरे, मान डोलवी. "बाबा हल्ली किती निवळले," लोक म्हणत. "पूर्वी कान खायचे." खालचा दगडोजी हे ऐकून नांग्या करकरा घासे.

अखेर चटणीला कंटाळून तो खडकाजवळच्या एका दगडाखाली लपायला गेला. तिथे ठिपक्यांचा शंख आधीच दबा धरून बसला होता.

"सरक रे नथू," दगडोजी म्हणाला.

"मी नथू नाही. आणि तुम्ही घातलाय तो शंख माझा आहे."

दगडोजीने समोरच्या तोंडाकडे पाहिले. आयुष्यात प्रथमच कुणाच्या तोंडाकडे पाहिले. म्हातारे तोंड होते, एक मिशी तुटलेली.

"भागू?"

"अगं बाई, आवाज तर दगडोजीबाबांचा! माझ्या शंखात?" आणि भागूकाकू अशी हसली की दगडाखालची वाळू निसटली.

"हसतेस काय?"

"रडून झालं म्हणून हसते. म्हणजे ती खारट चटणी तुमची होय!"

मग तिने सांगितले. ठिपक्यांचा शंख तिच्याकडे आला होता. म्हणाला, काकू, तुम्हाला राजशंख बक्षीस लागलाय, आजच्या आज घालून बघायला हवा. नथू कधी खोटे बोलत नाही, म्हणून ती शंखातून निघाली. तो नथू नव्हता. तिचा शंख घेऊन तो गेला आणि नथूचा तोकडा शंख तिच्या नशिबी आला.

"मग त्याच दिवशी मला का नाही सांगितलंस?" दगडोजी म्हणाला. "मी फसलो नसतो."

"तुमची म्हण आठवली."

दगडोजीने नांगी वाळूत खुपसली. म्हण चांगली होती. लोक खूप हसले होते. भागूकाकूही हसली होती.

"मग नथू कुठाय?" त्याने विचारले.

"असेल कुणाच्या तरी शंखात, माझ्यासारखा गप्प. ते सोडा. काल बगळा खडकाशी आला होता. पट्ट्यांच्या शंखाला त्यानं चोच लावली नाही. बोलत होते दोघं. मी इथून ऐकलं."

"काय ऐकलंस?"

"शंखातला म्हणाला, झाडणीला मी निघा म्हणेन, शिरा म्हणणार नाही. मांस तुझं, शंख माझे."

झाडणी दुसऱ्याच दिवशी होती. दगडोजी तसाच पुळणीवर गेला. "उद्या झाडणीला जाऊ नका," त्याने सांगितले.

"घाबरू नका काकू. बाबा आहेत ना खडकावर."

"अरे, मीच बाबा आहे!"

लोक बराच वेळ हसले. काकूला ऊन लागले, असे ठरले. कुणीतरी तिच्या डोक्यावर ओले शेवाळ ठेवले. ही बातमी एकाने दुसऱ्याला सांगितली, दुसऱ्याने न थांबता तिसऱ्याला. किनाऱ्याच्या पलीकडच्या टोकाला पोचेपर्यंत काकूने बाबांना खाल्ले होते. तिथून ती उलटी आली आणि बाबांनी काकूला खाल्ल्याचे दगडोजीला स्वतःलाच एकाने हळू आवाजात कळवले. "आणखी कुणाला सांगू नका," तो म्हणाला आणि पुढच्याला सांगायला गेला.

"बाहेर या आणि तोंड दाखवा," भागूकाकू म्हणाली. "दुसरा इलाज नाही."

"लोक बूड बघतील."

"बघतील."

"मग नको," दगडोजी म्हणाला आणि डोक्यावरचे शेवाळ डोळ्यांवर ओढून बसला.

दुसऱ्या दिवशी ओहोटी दूरवर गेली. सगळा किनारा जमला. बगळा पाण्यात एका पायावर उभा होता आणि भलतीकडे पाहत होता, जणू त्याचा कशाशी संबंध नव्हता. पट्ट्यांच्या शंखाने घसा खाकरला.

"निघा!"

सगळे डोळे मिटून बाहेर आले. वाळू झडू लागली. बगळ्याने दुसरा पाय खाली टेकवला. जवळच लहान पोरांची रांग होती. गुलाबी बुडे उन्हात चमकत होती. बगळ्याने एक पाऊल टाकले. मग दुसरे.

"शिरा" आले नाही.

दगडोजी एकटा डोळे उघडे ठेवून पाहत होता. त्याने लाल टोकाचा शंख सोडला, उघडाच मधल्या दगडावर चढला आणि आपला खरा आवाज काढला.

"डोळे उघडा!"

एकानेही उघडले नाहीत. असा हुकूम त्या राज्यात कधी झाला नव्हता. "कोण निर्लज्ज आहे तो?" एक बाई म्हणाली. काहींनी डोळे आणखी घट्ट मिटले. बगळ्याने मान ताणली.

दगडोजीला काय म्हणायचे ते कळत होते. म्हणवत नव्हते. मग त्याने म्हटले.

"मी दगडोजी! मला फसवलं! माझा शंख गेला! दगडावर उघडा उभा आहे मी. या, बघा माझं बूड!"

हुकुमाने जे झाले नाही ते कुतूहलाने झाले. दगडोजीचे बूड म्हटल्यावर कुणाला राहवते? सगळ्या पुळणीवर टपाटप डोळे उघडले. बुडाच्या मागेच बगळ्याची चोच दिसली.

"शिरा!" दगडोजी ओरडला.

हाती लागेल त्या शंखात जो तो शिरला. बगळ्याची चोच वाळूत रुतली आणि एक गारगोटी घेऊन वर आली. त्याने रागाने दगडोजीचा एक पाय तोडला, खडकाकडे सौदा मोडल्याच्या नजरेने पाहिले आणि उडून गेला.

पाय पुन्हा येतात. पण किनारा हसू लागला होता. दगडोजी दगडावरून उतरला नाही.

"हसा," तो म्हणाला. "झालं की सांगा."

हसू ओसरल्यावर त्याने सगळे सांगितले. कोण आला, कुणाच्या शंखात आला, काय म्हणाला, किती घाई केली, कुणाला सांगू नका कसे म्हणाला. चटणीचेही सांगितले.

तेव्हा भागूकाकू ठिपक्यांच्या शंखातून बाहेर आली. "मला राजशंख लागला होता," ती म्हणाली.

पांढऱ्या शंखातून नथू निघाला. "मला म्हणाला, तुझी आई लाटेत अडकलीय. आईचं नावही सांगितलं. मी विचारच केला नाही."

मग टोकाला निळे झाकण हलले. झाकण्या दिसताच लोकांनी खडे उचलले. झाकण पडले आणि खालून वाळलेला, थरथरणारा बारकू बाहेर आला.

"मी रोज सांगत होतो, मी बारकू आहे म्हणून," तो म्हणाला.

खडे हळूच खाली ठेवले गेले. ज्यांचा नेम चांगला होता ते वाळूकडे पाहू लागले.

"मलापण," मागून कुणीतरी म्हणाले. "हा नव्हे, दुसराच. गेल्या साली."

"मला एका शिंपल्यानं. लाजेनं बोललो नाही."

"माझ्या सुनेच्या आवाजात आला होता मेला."

शंखात बसून असे सांगता येत नाही. सांगणारा बाहेर येई, ऐकणाराही बाहेर येई. दुपारपर्यंत सगळा किनारा उघडा होता आणि जो तो आपापला शंख ओळखून शेजारी ठेवून बोलत होता. वर पाहायला आळीपाळीने दोघे दोघे नेमले होते.

एका शंखातून मात्र कुणी बाहेर आले नव्हते.

दगडोजी उरलेल्या पायांनी खडक चढला. मागोमाग सगळे चढले. त्याने पट्ट्यांवर नांगी वाजवली.

"कोण आहे आत?"

आत घसा खाकरला गेला. "मी दगडोजी."

सगळ्यांनी उघड्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे पाहिले. नीट पाहिले. मग शंखाला वेढा घालून बसले.

"पळा!" आतून आवाज आला. "बगळा येतोय! पटकन शिरा!"

सगळ्यांनी वर पाहिले. आकाश रिकामे होते. भागूकाकूने सगळ्यांत चटणी फिरवली. ती या वेळी तिनेच केली होती. कुणालाही घाई नव्हती.